एकच पट्टी, सतरा ठिकाणी

...बरं, एक ठिकाण असतं, दोन असती, तर मी तक्रार करणारा माणूस नाही. पण सतरा? तुम्हाला सांगतो, सतरा ठिकाणी तीच ती वीस ओळींची गोष्ट लिहिलेली, वर कुठे 'गोळी' तर कुठे 'मलम' एवढाच काय तो फरक, आणि मला सांगितलेलं काम काय, तर अक्षर मोठं कर. बस. आमचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आम्ही औषधाच्या दुकानांसाठी प्रोग्रॅम लिहितो. औषधाच्या पाकिटावर ती चिकटवलेली पट्टी असते ना, 'सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर', ती छापणारा प्रोग्रॅम आमचा. तर कुणा म्हाताऱ्या गृहस्थांना ती वाचता येईना, त्यांनी दुकानदाराला सांगितलं, दुकानदारानं आमच्या साहेबांना, साहेबांनी मला, मी कोडमध्ये आठ होते तिथे बारा केले आणि पाच मिनिटांत डबा उघडून जेवायला बसलो. आपण फार हुशार आहोत असं वाटत वाटत जेवलो.

दुसऱ्या दिवशी निरोप आला की गोळीचं अक्षर मोठं झालं, कॅप्सूलचं लहानच आहे. म्हटलं असेल, राहिलं असेल. केलं. तिसऱ्या दिवशी सिरप. केलं. चौथ्या दिवशी साहेबांनी फोन सरळ माझ्याच कानाला लावला, आणि पलीकडून तो दुकानदार फार शांतपणे बोलत होता, शांत बोलणाऱ्या माणसांची मला जास्त भीती वाटते, म्हणाला की बाकी सगळं छान झालंय, फक्त डोळ्यांत घालायच्या थेंबांची पट्टी तेवढी बारीक अक्षरात येतेय. आता मला सांगा, ज्याला डोळ्यांत थेंब घालायचेत त्यालाच बारीक अक्षर? त्यानं वाचायचं कशानं? पण मी काही बोललो नाही.

मी बोलतच नाही. म्हणजे आत्ता बोलतोय तुमच्याशी, ते वेगळं, तुम्ही उलट विचारत नाही. एरवी चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. नववीत शाळा सुटली, सुटली म्हणजे मीच सोडली, वडील आजारी पडले आणि त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान कुणीतरी उघडायला हवं होतं. पुढे दुकान गेलं आणि साहेबांनी मला ठेवलं ते कशावर, तर फोनवर! ज्याला बोलता येत नाही त्याला फोनवर. पण गिऱ्हाइकं खूश, कारण मी मध्ये बोलतच नव्हतो, त्यांचा राग बोलून बोलून संपायचा आणि शेवटी तेच म्हणायचे, ठीक आहे, तुम्ही समजून घेतलंत. मी काही बोललो नव्हतो.

तेव्हा प्रोग्रॅम लिहायला ताई होत्या. एकट्याच. मी फोन ठेवला की त्यांच्या पडद्याकडे बघत बसायचो, त्यांना ते दिसायचं, पण त्यांनी कधी काय बघतोस म्हणून विचारलं नाही, फक्त खुर्ची जरा बाजूला सरकवायच्या, म्हणजे मला नीट दिसावं. मग त्यांना बाळ व्हायचं होतं, त्या रजेवर गेल्या, ती रजा वाढत वाढत दोन वर्षांची झाली, आणि त्यांच्या खुर्चीत साहेबांनी मला बसवलं, नवा माणूस मिळेपर्यंत आकडे बदलायला. नवा माणूस काही मिळाला नाही. फोन साहेब स्वतः घ्यायला लागले आणि मी रात्री घरी पुस्तकं आणून, व्हिडिओ थांबवून थांबवून, हळूहळू शिकलो की तीच गोष्ट सतरा वेळा लिहायची नसते. एकदा लिहायची, तिला नाव द्यायचं, आणि हवी तिथे नुसती नावानं हाक मारायची. याला फंक्शन म्हणतात. हे शिकलो त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी आईला उठवून सांगितलं. आई चौथी शिकलेली. ती म्हणाली, "मग? एकदाच लिहायचं असतं ना बाबा. सतरा वेळा कोण लिहील?"

तेच तर! कोण लिहील? आणि नुसतं लिहिलेलं नाही, वर सूचना. 'इथून गोळीची पट्टी सुरू.' 'इथे गोळीची पट्टी संपली.' 'खालच्या ओळीत फक्त आकडा बदलायचा, बाकी ओळी तशाच ठेवायच्या.' असल्या सूचना सतरा वेळा! अरे, वाचणारा काय पाळण्यात आहे? एवढं उलगडून कुणाला सांगतोय हा? मी मनात ठरवूनच टाकलं की ताईंच्या आधी कुणीतरी बाहेरचा माणूस असणार, घाईत, ओळी मोजून काम दाखवणारा. ताई असलं लिहिणार नाहीत. तुम्हाला सांगतो, चार दिवस मी त्या बाहेरच्या माणसाशी मनातल्या मनात कडाकडा भांडलो. तोंडानं काही बोललो नाही.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी मला सांगितलं की या पट्टीपायी आपली अब्रू जातेय, तू सगळं कोड बघ, कुठे काय खराब आहे ते मला साध्या भाषेत कागदावर लिहून दे. कागदावर! बोलायचं नाही, लिहायचं! मला तर मोकळं रानच मिळालं. मी तीन पानं लिहिली. सतरा ठिकाणं एकेक करून लिहिली. ज्या छपाईयंत्राचा कारखाना बंद पडला त्याच्यासाठीच्या दोनशे ओळी अजून आहेत, ते लिहिलं. आणि शेवटी, काय सुचलं कोण जाणे, माणूस कमी बोलत असला की लिहिताना असं होतं, मी लिहिलं की 'ज्या व्यक्तीने हे लिहिले तिला पुढे ते कोणाला समजेल की नाही याची काळजी नसावी.'

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ती तीन पानं चष्मा वर-खाली करत वाचली आणि म्हणाले, बरं झालं तू लिहिलंस. म्हणाले, तिचा गेल्याच आठवड्यात फोन आला होता, मूल आता मोठं झालंय, परत यायचं म्हणते. मी हो म्हणणार होतो. पण असलं काम असेल तर नको, उद्या तिला कळवून टाकतो.

तिला? मला कळेचना. बाहेरचा माणूस नव्हताच. पहिल्या दिवसापासून सगळं ताईंनीच लिहिलेलं. मी तिथे उभा, हातात पाण्याचा ग्लास, आणि साहेब म्हणतायत की तू प्रामाणिक आहेस हे मला आवडतं. काय बोलणार? मी काही बोललो नाही.

जागेवर आलो. आता आमच्याकडे एक सोय असते, कोडमध्ये काहीही बदललं की जुनं जसंच्या तसं जपून राहतं, कुणी बदललं, कधी बदललं, का बदललं, सगळं. मी आकडे बदलणारा माणूस, मागचं कशाला बघायला जातोय? त्या दिवशी गेलो. खरं सांगतो, ताईंचं नाव तिथे सापडू नये म्हणून गेलो. मागे, मागे, अजून मागे... आणि एके ठिकाणी तीच पट्टी दिसली. एकदाच लिहिलेली! वीस ओळींचं एक फंक्शन, आणि सतरा ठिकाणांहून त्याला नुसती हाक. इतकं नेटकं की मी दोनदा वाचलं. आणि त्याच्या पुढचा बदल ताईंच्या रजेच्या दोन दिवस आधीचा. एकाची सतरा ठिकाणं करणारा. खाली कारण लिहायची जागा असते, लोक तिथे 'दुरुस्ती' एवढंच लिहितात. तिथे लिहिलं होतं:

'मुद्दाम उलगडून लिहिलं आहे. माझ्यामागे हे फोनवर बसणारा सांभाळणार. त्याला अजून फंक्शन येत नाही, पण वाचलेलं बरोबर कळतं. तो विचारायचा नाही, म्हणून जागोजागी सूचना दिल्या आहेत. शिकला की स्वतःच आवळून घेईल.'

तो विचारायचा नाही, म्हणून.

तुम्हाला सांगतो, पोटातल्या बाळाला घेऊन ती बाई रजेच्या दोन दिवस आधी खुर्चीत बसून आपलं स्वतःचं चांगलं काम उसवत होती, सतरा वेळा, आणि मी दोन वर्षं त्याच ओळींच्या आधारानं चाललो, त्याच ओळी वाचत वाचत शिकलो, आणि शिकून पहिलं काम काय केलं, तर तिच्यावर तीन पानं लिहिली. पाळण्यात कोण होतं? मीच होतो!

मी उठलो. साहेबांच्या खोलीचं दार आठ पावलांवर आहे, मला ते मैलभर वाटलं. आत गेलो तर साहेबांच्या हातात फोन, कुणाचा तरी नंबर शोधतायत. कुणाचा ते विचारायचं मला धाडस झालं नाही. मी म्हटलं, "साहेब, ते माझ्यासाठी लिहिलंय."

साहेब म्हणाले, "काय तुझ्यासाठी?"

तेव्हा मी बोललो. तुमचा विश्वास बसणार नाही, एका दमात, फंक्शन, हाक, उलगडणं, आवळणं, नववी, फोन, सगळं आलं त्यात, मध्येच आईही आली, आणि बोलताना मला सारखं वाटत होतं की हे माझ्या मागे उभं राहून दुसरंच कुणीतरी बोलतंय. साहेब माझ्या पडद्यापाशी आले. ताईंची चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग म्हणाले, "खुर्ची एकच आहे. ती आली तर तुला परत फोनवर बसावं लागेल. निदान अर्धा दिवस. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. विचार नंतर केला.

ताई आल्या. साहेबांनी त्यांना ती तीन पानं दाखवली होती, हे मला नंतर कळलं, मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "अरे, तीन पानं कुठे लिहिलीस? मला वाटलं होतं दहा होतील. बस, आवळ." आणि खुर्ची सरकवून दिली. दुपारभर मी आवळत होतो, त्या शेजारी बसून नुसत्या बघत होत्या, हात एकदाही पुढे केला नाही. सिरपची पट्टी समोर होती, तीच सगळ्यांसाठी धरली, आणि सतराची पुन्हा एक पट्टी झाली. आठाचे बारा एकाच ठिकाणी. ताई म्हणाल्या, सतराही औषधांची पट्टी छापून बघ. मी छापली, एकेक उजेडात धरून बघितली, सगळी अक्षरं ठसठशीत मोठी. इतका खूश झालो की अक्षरं किती मोठी आहेत तेवढंच बघितलं, काय लिहिलंय ते वाचलंच नाही.

आता सकाळी फोन, दुपारी कोड. परवा सकाळी घंटी वाजली. एक दुकानदार, तापलेला. म्हणाला, तुमच्या नव्या पट्टीवर प्रत्येक औषधाखाली 'घेण्यापूर्वी चांगले हलवावे' असं येतंय, सिरपचं ठीक आहे, पण इथे एक आजीबाई दहा मिनिटं गोळ्यांचं पाकीट हलवत उभ्या आहेत आणि विचारतायत, एवढं पुरे का. ज्या शहाण्यानं हे लिहिलं ना, मला त्याच्याशीच बोलायचंय, त्यालाच द्या फोन.

मी ताईंकडे बघितलं. ताई पडद्याकडे बघत होत्या, खांदे तेवढे हलत होते.

"हां," मी म्हटलं. "बोलतोय."