जोसेफची फायनल

पाहुणा खेळाडू आणायचं नाव माझ्यापुढं काढू नका गड्यांनो, मी कानाला खडा लावलाय.

जोसेफ मूळचा घानाचा. गोव्यात, कोलकात्यात प्रोफेशनल फुटबॉल खेळलेला, पण रस्त्यात कुणी ओळखत नव्हतं. विश्रामबागच्या आमच्या टीमकडून उंब्रजला फायनल खेळायला तयार झाला. पोचलो, तर मैदानाच्या मधोमध स्टेज! संयोजक आबा म्हणाले, "सर, आदी सत्कार, मग खेळ."

जोसेफला फेटा बांधला, शाल-नारळ दिला. मग सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन. जो उठेल तो हार घालणार आणि भाषण ठोकणार. मी म्हटलं, "आवं आबा, दिवस बुडाय लागला. मैदानावर लाइट न्हाई!"

"थांबा की जरा. माजी सरपंच ऱ्हायल्यात, त्ये रुसतील."

माजी सरपंच बोलेपर्यंत अंधार पडला. शेवटी नाणं उडवलं आणि करंडक समोरच्या टीमनं नेला. जोसेफ हारांतून तोंड बाहेर काढून मोडक्या हिंदीत मला म्हणाला, "कोच, इतकी वर्षं गोल मारले, कुणी एक फूल दिलं नाही. आज तर मी बूटसुद्धा घातले नाहीत!"

दुसऱ्या दिवशी आबांना चांगलं झापायचं म्हणून फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत आबाच सुरू झाले, "सर, गाव नुस्तं जोसेफ-जोसेफ करतंय! फुडच्या साली बी ह्योच आणा. लय भारी खेळतोय गडी!"