म्हशीचं आवडतं गाणं

मेहसाण्याजवळच्या गावात, सकाळी डेअरीच्या रांगेत पुढच्या दोघींचं बोलणं ऐकताना रळियातबेन स्वतःची किटली पुढे सरकवायलाच विसरली.

"पुरीबेन, हल्ली रोज किटली काठोकाठ?"

"म्हैस पान्हावली एकदाची! सुनेच्या माहेरून आणल्यापासून थेंब देत नव्हती. शेवटी विहीणबाईंना फोन लावला."

"काय म्हणाल्या?"

"तिला गाणं लागतं. लग्नात रीतीप्रमाणे त्यांनी आमच्या ह्यांना शिव्या घालून गाणी म्हटली ना, त्यातलंच एक म्हणत त्या रोज धार काढायच्या."

"कुठलं हो?"

"'वेलजी व्याही, पोट नगारा, लाडू गिळतो अकरा-बारा.'"

"अगंबाई! तुम्ही म्हटलंत? नवऱ्यादेखत?"

"करते काय? दुसरं नाव घालून बघितलं, तर लाथ मारली मेलीनं."

"आणि वेलजीभाई?"

"चार दिवस फुगून बसले. आता मात्र स्वतःच धार काढतात."

"गाणं म्हणत?"

"खड्या आवाजात! निम्मी आळी गोठ्याशी जमते."

"मग तुम्हाला आराम झाला."

"कसला आराम! मला गोठ्यात पायच ठेवू देत नाहीत."

"का बरं?"

"म्हणतात, तू ते गाणं फार मनापासून म्हणतेस."