साठवलेली रजा

आयर्लंडमधल्या विक्लोच्या डोंगरवाटेवरच्या पहिल्या लाकडी निवाऱ्यात मी टोपी डोळ्यांवर ओढून पडलो होतो. पलीकडे पाठपिशव्या टाकून बसलेलं जोडपं मराठी निघालं. त्यांना वाटलं, मी इथलाच कुणी.

"खांदे गेले माझे, शैलेंद्र. अजून आठवडाभर हेच?"

"रजा संपवायलाच हवी होती, वृंदा. नाहीतर बुडाली असती."

"पुण्याला जायला साठवलेली ना रे ही?"

"हो. बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला."

"पण तेच म्हणाले होते ना, कोरोनात आत्ता विमानात बसू नकोस, लस घेऊन सावकाश ये."

"ते कशालाही नकोच म्हणायचे. नवा शर्ट नको, डॉक्टर नको. मी कधी ऐकलं का त्यांचं? आयुष्यात हे एकच ऐकलं."

"एप्रिलमध्ये असं होईल हे तुला काय माहीत होतं?"

"नव्हतं. पण शेवटचं तरी बघायला मिळालं असतं. फोनवर काय दिसतं?"

"चहा घे, गार होतोय."

"दे."

"आणि उद्या ती काठी थोडी लांब कर. सकाळपासून वाकून चालतोयस."

"बाबांसाठी घेतली होती. व्हिडिओ कॉलवर त्यांना उभं करून माप घेतलं होतं. राहू दे तशीच."