माफी कुणी दिली

– पाया नको पडू, आधी आत ये. आत ये म्हणते ना! ओट्यावर उभा राहिलास तर समोरची नर्मदाबाई बघेल, आणि तिनं बघितलं म्हणजे बठ्ठ्या पिंप्राळ्याला कळलं. बस तिथं कोपऱ्यात. लीलाधरच ना तू? केस पांढरे झाले रे तुझे. तिशीचाच असशील – माझ्या युवराजहून दोन महिन्यांनी मोठा, मी विसरले का? इथं राहायला यायच्या आधी आपल्या गावात तुझं घर आणि माझं घर, मध्ये एक भिंत होती. ज्यानं पोर मारलं त्याला आई ओळखणार नाही, असं वाटलं तुला? साडेतीन वाजले बघ. स्वप्नीलची शिफ्ट आत्ता सुटली असेल, चटईच्या कारखान्यात आहे तो, पावणेचारला दारात गाडी लागते त्याची. म्हणजे पंधरा मिनिटं. तेवढ्यात तुला या घरातून, या गल्लीतून गेलं पाहिजे, समजलं? घरात दुसरं कुणी नाही, सून बाळंतपणाला चाळीसगावला गेलीये माहेरी. तो आला आणि तू इथं असलास तर मधे पडायला मी एकटी.

पाणी पी. मी तुला घाबरत नाही, उगीच मान खाली घालू नको. तुला घाबरायचं ते मी घाबरून बसले साडेआठ वर्षांपूर्वी. केळीचे घड कुणाच्या बागेतले आधी कापायचे – एवढंच ना रे? ट्रक एक, बागा दोन, व्यापारी म्हणतो आज एकाचाच माल घेतो. तुझा नंबर होता, मान्य. युवराज मधे घुसला, तेही मान्य, त्याचा स्वभावच आडमुठा. पण घड कापायचा कोयता माणसावर... जाऊ दे. जाऊ दे म्हणते, तू रडू नको, मला रडायला वेळ नाही आज.

काय काढतोस खिशातून? कागद? सुटकेचा? बघू – मला कुठं वाचता येतंय. काय लिहिलंय, माफीचे दिवस? ठेव तो आधी आत! चांगला घडी घालून, वरच्या नको, आतल्या खिशात. तो कागद स्वप्नीलच्या हाती लागला तर संपलं सगळं.

का म्हणजे? सांगते. तू दहा वर्षांची शिक्षा घेऊन गेलास आणि साडेसात वर्षांत सुटलास. तुझ्या सुटकेच्या आधी एरंडोलहून एक पोलीस आला होता चौकशीला, तुम्हाला काही धोका वाटतो का विचारायला. भला होता. त्यानं मला समजावून सांगितलं, काकू, जेलात नीट वागलं, सुतारकाम केलं, की शिक्षेतले दिवस कापून देतात, त्याला तिकडं माफी म्हणतात. मला कळलं. पण गावात काय बातमी गेली? लीलाधरला माफी मिळाली. एवढीच. आणि आपल्याकडं माफी म्हटलं की माणसं एकच विचारतात – कुणी दिली?

स्वप्नील त्या दिवशी कामावरून आला तो डोळे लाल. चौदाचा होता भाऊ गेला तेव्हा, तेव्हापासून एकच धोशा, सुटू दे त्याला. कोठीमागं कोयता ठेवलेला, मी रोज झाडताना बघायची, हात लावायची हिंमत नव्हती. मला विचारतो, कुणी दिली माफी? कोण देणार? भाऊ माझा मेलाय आणि माफी देणारे हे कोण? आणि हात कोठीमागं. वं माय! मला दुसरं काही सुचलंच नाही रे. मी म्हणाले, मी दिली. त्या पोलिसासमोर अंगठा दिला. आईनं दिल्यावर भावानं हात उचलायचा नसतो.

उचलला नाही. कोयता बाहेर नेऊन दारावरच्या पत्र्यावर फेकला. अजून तिथंच आहे, हात वर केला की येतो. पण त्या दिवसापासून मला आई म्हणत नाही. कारखान्यातच जेवतो. ए, म्हणतो, ऐक, म्हणतो. वर्ष झालं.

असं बघू नको माझ्याकडं. तुला वाटलं, खरंच दिली? नाही दिली. कुठून देऊ? अजून ताट वाढताना माझा हात युवराजच्या ताटाकडं जातो. सुटलेल्यांना काम लावून देणाऱ्या तुझ्या त्या संस्थेच्या सरांनी सांगितलं असेल, जा, माफी माग, मन हलकं होईल. धुळ्यात काम लागलंय म्हणतोस, बरं झालं, दारं-खिडक्या कर, लग्न कर. पण माझ्याकडं मागू नको. तू मागितलीस म्हणजे मी आधी दिलेली नव्हती, एवढं तर स्वप्नीलला कळेल ना? त्या कागदावरूनही तेच कळेल, माफी जेलची होती. माझा एक मातीत गेला. दुसरा तू होतास तिथं जायला नको. म्हणून पाया पडते मी तुझ्या –

थांब. गाडीच ना ती? आज लवकर कसा... आता बाहेर नको जाऊ, दारातच गाठेल. बस. हा कप धर, माझाच आहे, उष्टा असू दे. दोन्ही हातांनी धर. तोंडातून शब्द काढू नको.

ये रे स्वप्नील. हेल्मेट काढ. हो... तोच आहे. मीच बोलावला चहाला. माफी काय नुसती अंगठ्यानं देतात का, एकदा समोर बसवावं लागतं माणसाला. तू इकडं ये, आत ये, दारातून हात खाली घे आधी. पत्र्याकडं कशाला बघतोस? ...काय म्हणालास? पुन्हा म्हण. आई म्हणालास ना? विचार बाबा, विचार, ह्याच्यासमोर विचार. खरंच दिली का?

...

दिली. तूही ऐक लीलाधर, मान वर कर. युवराजच्या आईनं तुला माफी दिली.

झालं. कप ठेव तो. जाय आते.