हळकुंड मोडून बघतात तसं

...आन् वरनं दुकानदार मलाच म्हणतोय, "आजोबा, तुम्हाला कुणी हात लावायला सांगितला?" आता तुमीच सांगा, वस्तू घ्यायची आन् आत काय हाय ते बघायचं न्हाई? सांगलीच्या बाजारात हळद इकण्यात माझा जलम गेला. व्यापारी हळकुंड कडाक्कन मोडतोय, आतला रंग बघतोय, मग तोंड उघडतोय. मी कवा रागावलो त्याच्यावर?

सांगतो सगळं. घाई करू नगा, मी सावकाश बोलणारा माणूस.

धाकटी सून आमची, संयोगिता. नवरा तिचा वीरधवल, पलटणीत. तिनं हितं कवठे महांकाळात कॉम्पुटरचा क्लास काढायचं ठरवलं. मी म्हटलं, काढ, रस्त्याकडची खोली घे. झालं! थोरला आकाराम फुगला. त्याला त्या खोलीत खताची पोती ठेवायची हुती. भावजयीशी नीट बोलणार न्हाई, ती समोर उभी असली तरी मलाच सांगणार, "आबा, तिला म्हणावं, खंडेनवमीला यंत्रं पूजत्यात. त्या दिवशी मशीन चालू दिसलं तर खोली तिची. बंद मशीनला हळदीकुकू लावून काय करायचंय? पोती आत!"

मशीन तर तिनं जुळवलं, पण त्यात घालायचं लिनक्स. म्हटलं, हे काय असतंय गं? "मामा, मशीन ज्याच्यावर चालतं ते. फुकट मिळतंय, आन् सगळं उघडं असतंय, कुणीबी आत बघावं, बदलावं." फुकट म्हटल्यावर मी खूश! पण गड्यांनो, लय नखरं त्याचं... माऊस घेतला, त्याला चालतंय का? कीबोर्ड घेतला, त्याला चालतंय का? अरं, पहिल्या सणाला जावई आला तरी एवढं इचारत न्हाई आमी!

शेवटी ऱ्हायलं एकच कार्ड, पडद्यावर चित्र उमटवायचं. खंडेनवमी आली तोंडावर, मग काय, मी आन् संयोगिता बसलो एसटीत, गेलो सांगलीला.

दुकानदार मुकुल. गोडबोल्या. "घ्या ताई, बिनधास्त घ्या!"

"लिनक्सला चालतंय का?"

"अहो, विंडोज घाला ना! सगळं जग तेच घालतंय."

"आतली चिप कुठली हाय?"

"खोक्यावर कंपनी लिहिलीये की."

"कंपनी एकच असली तरी आत चिपा येगळ्या निघत्यात. उघडून दाखवा."

"सील तुटलं की माल तुमचा, ताई."

"आन् न्हाई चाललं तर?"

"तरी माल तुमचाच."

पैसं एकाच कार्डापुरतं. ती म्हणती उघडा, तो म्हणतो घ्या, ती म्हणती उघडा, तो म्हणतो घ्या... आन् खोकं माझ्या हातापाशी. माझा अंगठा आपला सवयीनं गेला सीलखाली. चर्रर्र!

संयोगितानं वाकून बघितलं. "मामा... हे न्हाई चालत त्याला."

तोंड एवढंसं झालं पोरीचं. मला तर तिथंच खताची पोती दिसाया लागली! तवाच तो मुकुल म्हणाला ते, हात लावायला कुणी सांगितला म्हणून.

तेवढ्यात मागनं एक जण म्हणतोय, "मला द्या की ते. आमचं विंडोजच आहे." मी म्हटलं, "बाबा, फोडलंय हं मी." "चालतंय ओ आजोबा!" म्हणाला, आन् पैसं टाकून गेलाबी! मुकुलनं नोटा दोनदा मोजल्या. मग दुसरं खोकं त्यानं आपणहून उघडलं, तेबी माझ्याकडं पाठ करून. संयोगिता वाकली... हसली. मी लगीच पैसं काढून दिलं.

खंडेनवमीला मशीनला हार घातला. बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा पळाली, थांबली... आन् चित्र! आकाराम उंबऱ्यात उभा. तिथनंच म्हणाला, "आबा, तिला म्हणावं, चाललंय."

खोली तिची झाली. आता पोरी येत्यात शिकायला, झकास.

पोती? ती माझ्या खाटंखाली हायेत. रात्रभर त्या वासानं डोळं चुरचुरत्यात. माऊसचं इचारलं, कीबोर्डचं इचारलं, कार्डाचं तर सांगलीपातूर जाऊन इचारलं, त्याला चालतंय का... म्हाताऱ्याला चालतंय का, हे कोण इचारतंय?