विजेत्याविना शर्यत

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, स्टुडिओतले सगळे छायाचित्रकार, संकलक आणि ध्वनीवाले, ब्रनो शहरातल्या बंधुभगिनींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण आज जमलो आहोत त्या आदरणीय यार्मिला पावेलकोवाबाई,

मी बोहुश त्रंका, धंद्याने बेकर. बाहेरच्या टेबलावरचे कोलाचे, ते गोड सारणाचे पाव, माझ्याच भट्टीतले आहेत. तेव्हा भाषण बिघडलं तरी सभा अगदीच वाया जाणार नाही.

बाईंच्या निवृत्तीच्या निरोपाला बेकर कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर सांगतो. १९५५ सालच्या त्या मॅरेथॉनवरचा आपल्या स्टुडिओचा माहितीपट तुम्ही शाळेत, सैन्यात, युनियनच्या हॉलमध्ये, कुठे ना कुठे पाहिलाच असेल. त्यात शेवटून पहिला आलेला, नुसत्या मोज्यांवर पळणारा जो प्राणी आहे, तो मी!

ती शर्यत जिंकली होती आपल्या ओताकार रेझेकने. हरणासारखा पळायचा! चित्रपटात तो पहिल्या फ्रेमपासून असणार होता. पण शर्यतीनंतर तीन आठवड्यांनी ओताकार व्हिएन्नाला धावायला गेला आणि तिकडेच राहिला, म्हणजे सरकारच्या लेखी फितूर झाला. बातमी आली त्याच दिवशी आमच्या दिग्दर्शकांची तब्येत बिघडली आणि ते हवापालटाला निघून गेले. मागे उरल्या कोण? सव्वीस वर्षांच्या सहायक संकलक, यार्मिलाबाई.

मंत्रालयाचे कॉम्रेड शिमेक आले. म्हणाले, "रेझेक दिसता कामा नये. त्याची सावलीसुद्धा नको."

"मग शर्यत जिंकली कोणी?" बाईंनी विचारलं.

"ते तुम्ही बघा."

"दुसरा आलाय तो ऑस्ट्रियाचा. त्याला जिंकवू?"

"अहो बाई, मला खाणीत धाडायचा विचार आहे का तुमचा? नोव्हेंबरात पहिला खेळ आहे. चित्रपट झाला नाही तर तुम्हीही स्टुडिओत दिसणार नाही, एवढं ध्यानात ठेवा."

आता करायचं काय? सगळे कॅमेरे ओताकारच्या मागे पळाले होते. फक्त आपला म्हातारा छायाचित्रकार व्हाव्रा, त्याची गाडी सुरुवातीलाच बिघडली होती. ती खोकत, थांबत मागून येत होती आणि तिच्या वेगाने धावणारा अख्ख्या शर्यतीत एकच माणूस होता, मी. बूट एक नंबर लहान, म्हणून ते मी बाराव्या किलोमीटरला काढून टाकले. एका गावात बायकांनी मला लोणच्यातली काकडी भरवली. मी मैदानात पोचलो तेव्हा बँडवाले वाद्यं पेटीत घालत होते. तुबावाल्याने मला पाहिलं, पुन्हा आपला भलामोठा पितळी तुबा काढला आणि एकट्यानेच वाजवायला लागला. हे सगळं व्हाव्राने टिपलं होतं. त्याला दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच म्हणा!

बाईंनी त्यातून चित्रपट रचला. एक तुकडा मात्र त्यांनी पुढच्या कॅमेऱ्याचा घेतला. गावचा चौक, माणसांची गर्दी, आणि सगळ्यांच्या माना डावीकडून उजवीकडे वळतायत. तोंडं उघडी, डोळे लकाकलेले. पळणारा माणूस चौकटीत नाहीच.

शिमेकने विचारलं, "हे सगळे बघतायत कुठे?"

"भविष्याकडे, कॉम्रेड," बाई म्हणाल्या.

शिमेकने ते वहीत लिहून घेतलं! निवेदनातही घातलं. आमचा कामगारवर्ग न थकता पुढे चालला आहे, असं निवेदक गरजतो, नेमका तेव्हा मी मैलाच्या दगडावर बसून पायाचा फोड बघतोय. थिएटरं हसली, पण इतक्या प्रेमाने हसली की बंदी घालायची कशावर, हेच वरच्यांना कळेना.

मंडळी, गंमत इथवरच. ओताकारच्या आईची, रेझकोवाबाईंची, पोस्टातली नोकरी मुलापायी गेली होती. त्या आता आमच्या चौकातल्या थिएटरात झाडू मारायच्या. माझा चेहरा पडद्यावर बघायला मी एका रविवारी गेलो, तर त्या सहाव्या रांगेत कडेला बसलेल्या. पडद्यावर चौकातल्या माना वळल्या तशी त्यांनी माझं मनगट धरलं. "बघ, बघ, माझा ओता चाललाय." त्यांचीही मान वळली होती. चित्रपट जितके दिवस चालला तितके दिवस त्या रोज तिथे बसल्या.

मी हे बाईंना येऊन सांगितलं. रेझेकची सगळी रिळं जाळली, असा कागद त्यांनी आदल्याच आठवड्यात सहीनिशी दिला होता. ती रिळं मात्र याच इमारतीत, 'बीटाची कापणी, दुसरी प्रत' अशा चिठ्ठीखाली पस्तीस वर्षं होती. बीटाची कापणी कोण उघडून बघतो! पण कुणी उघडली असती तर? हा प्रश्न मी त्यांना अनेकदा विचारला. त्या म्हणायच्या, "मग मी पण गेले असते बीट कापायला."

ती राजवट गेली आणि गेल्या वर्षी ओताकार परत आला. केस पांढरे. आई जाऊन बारा वर्षं झाली होती. बाईंनी त्याला सगळी रिळं दाखवली आणि विचारलं, "तुझ्या चित्रपटात तुला परत घालू का?"

त्याने आधी आमचा चित्रपट बघायला मागितला. ते जुनं थिएटर अजून आहे, तिथेच लावला. दिवे जायच्या आधी त्याने मला हळूच विचारलं, "आई कुठे बसायची रे?"

मी सहाव्या रांगेतली कडेची खुर्ची दाखवली. तो तिथे बसला. चौक आला, माना वळल्या. पळताना त्याला समोरचा रस्ता तेवढा दिसला होता, ही माणसं तो पहिल्यांदाच बघत होता. संपल्यावर तो बाईंकडे वळला. मग म्हणाला, "नको यार्मिला. कशाला हात लावू नकोस. आईने पाहिला तसाच राहू दे."

अध्यक्षमहाराज, मला बोलायला बोलावलंत, आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बेकराची जीभ आहे, कुणाचं नाव राहिलं असेल, कुठे शब्द वाकडा गेला असेल, तर पदरात घ्या. आता एकच विनंती. बाई, उभ्या राहता का जरा? छत्तीस वर्षं तुम्ही अंधाऱ्या खोलीत बसून आम्हाला उजेडात आणलंत. मागच्या रांगांनी तुम्हाला अजून एकदाही पाहिलेलं नाही.