दगडी चिमणीला पांढरा रंग

रंगाचं काय घेऊन बसलायस यार, माझ्या चिमणीचं ऐक. पंच्याण्णव साली शॉमबर्गला घर घेतलं, तर बाहेरची दगडी चिमणी धुराने काळीकुट्ट. म्हटलं, पांढरी पेंट करून टाकू. डबे आणले, शिडी लावली. तेवढ्यात भारतातून आलेले बाबा बाहेर आले. दगडावरून हात फिरवत म्हणाले, "छिन्नीचे घाव बघ. हाताने घडवलाय. झाकतोस कशाला?"

"जुनाट दिसतं हो."

"आपल्या घराला आपण चुना मारायचो, कारण भिंत मातीची होती. दगडाची कसली आलीय लाज?"

त्यांनी ब्रश आणि बादली घेतली आणि दोन दिवस एकेक दगड घासला. आतून मधासारखा रंग निघाला.

शेजारचा बॉब ड्राइव्हवेवर उभा राहून बघतच राहिला. म्हणाला, "तुझे वडील इंजिनिअर ना? मग हे काम त्यांना कसं येतं?"

इंजिनिअर आहेत असं त्याला मीच सांगितलं होतं. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण शिडीवरून ते माझ्याकडेच बघत होते.

म्हटलं, "इंजिनिअर नाहीत. पाथरवट आहेत. जन्मभर दगड घडवलेत त्यांनी."